दगडावरचं मस्टर



दर १ जानेवारीला आपण कोरेगाव भीमाला जातो. निळे झेंडे, घोषणा, स्तंभापुढं मानवंदना, परतीच्या गाडीत भीमगीतं. हे झालंच पाहिजे. पण मानवंदना देणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी त्या स्तंभावरची नावं वाचलीत? आकडे नव्हे, घोषणा नव्हे. नावं.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करणारा माणूस. इतिहासाची पदवी आपल्याकडं नाही. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांत कापसाची कस्पटं घेऊन. पण गिरणीनं एक गोष्ट मला पक्की शिकवली : मस्टर कसं वाचायचं. कोण हजर, कोणाचा खाडा, कोण किती तास उभा राहिला आणि त्याबद्दल त्याच्या हातात काय पडलं. मस्टरवर नाव नसेल तर माणूस दिवसभर राबला तरी तो राबलाच नाही. इतिहासाचंही असंच आहे. आणि हे मस्टर आजवर कोणाच्या हातात होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा कोरेगावचा दगड मी मस्टर म्हणून वाचणार आहे. बघू काय हिशेब निघतो.

आधी घडलं ते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉंटन शिरूरहून पुण्याकडं निघाला. सोबत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे पाचशेच्या आसपास शिपाई, अडीचशे-तीनशे स्वार आणि दोन तोफा. सगळे मिळून आठशेच्या वर. रात्रभर चालून सकाळी ही माणसं भीमेच्या काठी पोचली तर समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. इंग्रजांच्या नोंदींत ती अठ्ठावीस हजारांपर्यंत सांगितली आहे. स्टॉंटननं कोरेगाव गावाचा आसरा घेतला. पेशव्याकडून अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या तुकड्या गावात घुसल्या. दिवसभर गल्लीबोळांतून, घराघरांतून लढाई चालली. एक तोफ गेली, ती पुन्हा ओढून आणली. रात्री नऊच्या सुमाराला मारा थांबला. कंपनीची मेलेली, जखमी आणि हरवलेली माणसं मिळून पावणेतीनशेच्या घरात गेली.

आता यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण मला पुढं तिच्याकडं यायचंय. ती गोष्ट पाण्याची. रात्रभर चालून आलेल्या या शिपायांना दिवसभर पाणी मिळालं नाही. नदी हाताच्या अंतरावर वाहत होती आणि तिच्याकडं जाणारी वाट बंद होती. पोटात अन्न नाही, ओठांवर पाण्याचा थेंब नाही, अशा हालतीत ती माणसं अंधार पडेपर्यंत लढली. अंधार पडल्यावरच त्यांना नदीपर्यंत जाता आलं.

* * *

आता आपल्या घोषणांबद्दल बोलतो. रागवू नका.

पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले, असं आपण ओरडतो. वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण ते मस्टरवर टिकत नाही. पेशव्याची सगळी फौज त्या दिवशी गावात उतरली नव्हती. हल्ला करणाऱ्या तुकड्यांत दोनेक हजार माणसं होती. कंपनीच्या पलटणीत आपले शिपाई मोठ्या संख्येनं होते, पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून मराठे होते, रजपूत होते, मुसलमान होते. तोफा ओढणारे मद्रासकडचे होते. आणि पेशवाई त्या एका दिवसात बुडाली असंही नाही. पुणं तर नोव्हेंबर १८१७ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. बाजीराव शरण आला तो जून १८१८ मध्ये.

कुणी म्हणेल, हा गडी आपल्याच पायावर कुऱ्हाड मारतोय. नाही दोस्तांनो. आपल्याला खोट्या आकड्याची गरज काय? पोथ्या फुगवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या पोथीत दहा तोंडांचा राजा चालतो. आपल्याला आपला शिपाई एका तोंडाचाच पाहिजे. तो तहानलेला होता, घाबरलाही असेल, आणि तरी जागचा हलला नाही. फुगवलेला आकडा समोरचा माणूस दोन मिनिटांत फोडतो आणि त्याच्याबरोबर खरी माणसंही पुसून टाकतो. खरी माणसं पुसली जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

खरं काय ते दगडावर आहे. १८२१ साली कंपनीनं हा स्तंभ उभारायला घेतला. त्यावर पडलेल्या शिपायांची ४९ नावं आहेत. त्यांतली २२ नावं आपली. ती ओळखायला पंडित लागत नाही. नावाच्या शेवटी 'नाक' आहे. भागनाक हरनाक. रूपनाक लखनाक. गोपाळनाक बाळनाक. हरनाक हरिनाक.

मोठ्यानं वाचा एकदा. काय ऐकू आलं?

प्रत्येक नावात दोन माणसं आहेत. पडलेला शिपाई आणि त्याचा बाप. मुलगा मेला म्हणून बापाचं नाव दगडावर चढलं. तो बाप आपल्या गावात काय असेल? येसकर. वेशीवर रात्र जागवणारा, मेलेली ढोरं ओढणारा, सरकारी टपाल डोक्यावर घेऊन पळणारा. गावाच्या तोंडी त्याचं नाव काय? भाग्या. रूप्या. गोप्या. पाटलाच्या पोरानंसुद्धा तसंच हाक मारायची आणि म्हाताऱ्यानं 'जी' म्हणून उभं राहायचं. 'नाक' म्हणजे नायक, असं कोणी म्हणतं. कोणी त्याचा संबंध नागांशी जोडतं. काही असो. गावानं ते पुरतं नाव कधी उच्चारलं नाही. ते उच्चारलं गेलं पलटणीच्या हजेरीत आणि कोरलं गेलं मरणानंतर.

पेशवाईतल्या पुण्यात आपल्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणात लिहून ठेवलंय. पाऊल पुसायला झाडू आणि थुंकायला मडकं. ज्याची थुंकी जमिनीवर पडू द्यायची नाही, त्याचं नाव जमिनीतून उठून दगडावर जातं, ही गोष्ट लहान नाही. २२ नावं पुरेशी आहेत. पाचशेची गरज नाही.

* * *

मग दुसरा प्रश्न येतो. तो चहाच्या टपरीवर येतो, मोबाईलवर येतो, कधी गिरणीत डबा खाताना शेजारचाच टाकतो : "तुमचे लोक इंग्रजांकडून लढले. परक्याच्या राज्यासाठी मेले. त्यांना मानवंदना कसली देता?"

याचं उत्तर शिव्या देऊन द्यायचं नाही. तारखेनं द्यायचं. ३१ डिसेंबर १८०२. वसईचा तह. याच दुसऱ्या बाजीरावानं होळकरांच्या भीतीनं इंग्रजांशी तह केला आणि १८०३ साली इंग्रजांच्या फौजेच्या जोरावर पुण्याच्या गादीवर पुन्हा जाऊन बसला. स्टॉंटन शिरूरहून निघाला त्याच्या बरोबर पंधरा वर्षं आधी, त्याच तारखेला. राजानं गादीसाठी कंपनीचा हात धरला तर ते राजकारण, आणि वेशीबाहेरच्या माणसानं भाकरीसाठी कंपनीची बंदूक धरली तर तो देशद्रोह! हे कुठलं मस्टर?

आणि देश म्हणता तर तो कोणाचा होता? ज्या गावात पाण्याला हात लावता येत नव्हता ते गाव आपल्या शिपायाचा देश होता काय? त्याला पगार मिळाला, कपडे मिळाले, हातात हत्यार मिळालं आणि चाकरीपुरतं का होईना माणूस म्हणून उभं राहता आलं. म्हणून तो गेला. त्यानं जातिअंताची लढाई लढली असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात काय होतं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. तो चाकरीतला माणूस होता आणि त्यानं चाकरी चोख केली. त्या मरणाला अर्थ पुढं आपण दिला. तो द्यायचा आपल्याला हक्क आहे.

पण इंग्रजालाही डोक्यावर घ्यायचं कारण नाही. दगड त्यानं उभारला तो आपल्यासाठी नव्हे, आपल्या विजयाची जाहिरात म्हणून. मेलेल्याचं नाव कोरलं की जिवंत माणूस भरतीला येतो, हे कंपनीला कळत होतं. आणि कामाची गरज संपल्यावर काय केलं? दगडावर नाव कोरून सत्तर-बहात्तर वर्षं होत नाहीत तो, १८९२-९३ च्या सुमाराला, महारांची भरती बंद! का? तर म्हणे काही जाती 'लढवय्या' आणि काही नाहीत. वरच्या जातीचे शिपाई आपल्या सुभेदाराला सलाम ठोकायला तयार नव्हते, हे त्या शास्त्राच्या पोटातलं खरं दुखणं. कोरेगावच्या दगडावर ज्यांची नावं, त्यांच्याच नातवंडांना सरकारनं सांगितलं : तुम्ही लढवय्ये नाही.

गिरणीतल्या भाषेत याला ब्रेक देणं म्हणतात. नोटीस नाही, कारण नाही. उद्यापासून येऊ नको.

या ब्रेकचा मार किती घरांना बसला याचा विचार करा. पलटणीत शाळा होती. तिथं शिपायांना आणि त्यांच्या मुलांना वाचायला शिकवत. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्यांचा मुलगा १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. तो मुलगा कोण ते सांगत नाही. दोन वर्षांत ते दार बंद झालं. किती घरांत पाटी यायची राहिली असेल! पलटणीची वाट तुटली तशी आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत शिरली. आणि तिथं तरी काय? साचेखात्यात प्रवेश नाही. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा दुसऱ्यांना विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला तो उगीच नाही. हातातली बंदूक काढून घेतली आणि धोटासुद्धा दिला नाही. उरलं ते सगळ्यात कमी मजुरीचं काम.

* * *

गप्प बसले नाहीत आपले लोक. महाडजवळचे गोपाळ बाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी विटाळाविरुद्ध लिहिलं, सरकारपुढं मांडण्यासाठी भरतीच्या मागणीचा अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानं थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं विनंतीअर्ज गेला : आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आम्हाला पलटणीत आणि पोलिसांत घ्या.

सरकारनं ऐकलं केव्हा? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ पर्यंत ती मोडून टाकली. पुन्हा ब्रेक. त्या युद्धानंतर सरकारनं पुष्कळ गावांत पाट्या बसवल्या : या गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके मेले. बस्स. नाव नाही. कंपनीनं शंभर वर्षांपूर्वी निदान नाव तरी कोरलं होतं. आता नुसती बेरीज. तुमच्या तालुक्यात अशी पाटी असेल तर जाऊन बघा. त्या आकड्यात गावकुसाबाहेरचे किती, हे पाटी सांगत नाही आणि गावही सांगत नाही.

आता पाण्याकडं येतो.

१ जानेवारी १९२७. बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले. त्यानंतर अकराच आठवड्यांनी, २० मार्च १९२७ ला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. मला या दोन तारखा वेगळ्या वाचता येत नाहीत. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला होता, महाडच्या नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचं १९२४ साली जाहीर केलं होतं. कागद तयार होता. ओंजळ तेवढी भरायची राहिली होती. महाडला जमलेल्या हजारोंत पलटणीचे पेन्शनर होते. कोकणचा तो पट्टाच पलटणवाल्यांचा. पाणी पिऊन माणसं परत फिरली आणि देवळात घुसणार अशी आवई उठवून त्यांच्यावर लाठ्या पडल्या. मांडवात घुसून, रस्त्यात गाठून, बायामाणसांसकट मारलं.

बंगल्यावर शंभरावर माणसं बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत उभी होती. त्यांत लढाई बघून आलेले हात होते. बाबासाहेब म्हणाले, शांत राहा. आणि ती माणसं शांत राहिली.

मला विचाराल तर कोरेगावच्या दिवशी दाखवलं त्यापेक्षा मोठं शौर्य हे होतं. कोरेगावात शिपाई साहेबाच्या हुकमावर लढला. महाडला तो आपल्या माणसाच्या शब्दावर थांबला. १८१८ साली तो दुसऱ्याच्या राज्यासाठी नदीकाठी दिवसभर तहानलेला राहिला. १०९ वर्षांनी त्याचं पोर स्वतःच्या तहानेसाठी तळ्यात उतरलं. बंदूक नव्हती, पगार नव्हता, स्तंभ मिळणार नव्हता. त्या ओंजळीचा विटाळ काढायला गावानं तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. कोर्टात तळं आपलं ठरायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. एका ओंजळीची किंमत.

स्वातंत्र्याची किंमत म्हणतात ती ही, दोस्तांनो. आपल्याला ती दोनदा भरावी लागते. एकदा सीमेवर, एकदा पाणवठ्यावर.

* * *

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं लागली. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी भरतीचा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. या वेळी ती कोणाला मोडू दिली नाही. १९४७ साली पंजाब जळत होता तेव्हा हेच जवान निर्वासितांचे तांडे राखत होते, हिंदू, शीख, मुसलमान असा भेद न करता. ज्यांना गावानं कधी आत घेतलं नाही ते दुसऱ्यांची उठलेली गावं सांभाळत होते. त्यापाठोपाठ जम्मू-काश्मीरच्या आघाडीवर महार मशीनगनर होते. आज या रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात सगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत. १९८७ साली श्रीलंकेत पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. मरणोत्तर परमवीरचक्र. तमिळ घरातले, मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या नावानं लढलेले. एका जातीचं नाव सगळ्यांनी छातीवर लावलं आणि त्यासाठी जीव दिला, असा दुसरा दाखला गावात शोधून दाखवा.

या रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर पूर्वी कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला आणि तिथं खंजीर आला. स्वतंत्र देशाच्या फौजेला कंपनीच्या विजयाची खूण नको वाटली, हे मी समजू शकतो. पण मग स्तंभावरच्या २२ जणांचं काय? ते इंग्रजाचे म्हणून देशानं घ्यायचे नाहीत आणि महार म्हणून गावानं घ्यायचे नाहीत. मग ते कोणाचे? आपले. म्हणूनच लाखो लोक तिथं जातात. कोणी बोलवत नाही, कोणी भाडं देत नाही.

आणि जाताना काय होतं तेही पाहिलं. १ जानेवारी २०१८, दोनशे वर्षं पूर्ण. दगडफेक, जाळपोळ, आणि एका तरुणाचा जीव गेला. तो कुठल्या जातीचा, कुठल्या बाजूचा, हे मी विचारत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांना सलाम करायच्या दिवशी आजचं पोर मरतं, तर जातीची लढाई अजून चालू आहे आणि ती आपल्या सगळ्यांना खाते आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या पोराचीही आठवण ठेवा.

* * *

आता कामाचं बोलू.

मानवंदना म्हणजे हात कपाळाला लावणं नव्हे. मानवंदना म्हणजे हजेरी घेणं. आमच्या वस्तीत एक म्हातारे हवालदार होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत डिस्चार्जचा कागद आणि दोन पदकं होती. ते गेल्यावर पेटी भंगारात गेली. कोणी वाईट वागलं म्हणून नाही. आत काय आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं म्हणून. अशा पेट्या प्रत्येक वस्तीत आहेत. आपल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांना पलटणीचं नाव सांगता येणार नाही, पण कोण कोणत्या साली गेला आणि पत्र कधी यायचं थांबलं, हे त्या बरोबर सांगतात.

वही घ्या. पहिल्या पानावर कोरेगावची २२ नावं उतरवा. पुढच्या पानांवर तुमच्या वस्तीतले लिहा : १११ महारमध्ये कोण होता, दुसऱ्या महायुद्धात कोण गेला, काश्मीरला कोण पडला. त्यांच्याच खाली महाडला कोणाचं डोकं फुटलं ते लिहा, नामांतराच्या लढ्यात कोण जळालं ते लिहा, गटारात उतरून कोण परत वर आला नाही ते लिहा. वेगळी वही करू नका. एकाच मस्टरवर घ्या. सीमेवर मेला तो शहीद आणि गटारात मेला तो कामगार, ही वाटणी आपण केलेली नाही.

आणि नाव लिहाल तेव्हा पुरतं लिहा. आपलं आणि आपल्या बापाचं. आईचंही लिहा, ते कंपनीनंसुद्धा लिहिलं नाही. भाग्या, रूप्या, गोप्या हे गावाचं मस्टर. आपल्या मस्टरवर भागनाक हरनाक हजर आहे.

जयभीम.